शेडमध्ये ठेवावे

पडदावेलीला फूल म्हणावं असं काही येत नाही. थंडीत बारीक पांढुरके तुरे येतात, तेही जवळ जाऊन बघितलं तर दिसतात. नर्सरीत आलेलं गिऱ्हाईक वेलीला हात लावायचं आणि पहिला प्रश्न टाकायचं, "ताई, याला फूल कोणतं येतं?"

"येत नाही."

"मग घ्यायचं कशाला?"

"समोरच्या बाल्कनीतल्या बाईला तुमच्या ताटात काय वाढलंय ते दिसतं ना? ते दिसायचं बंद होतं."

गिऱ्हाईक हसायचं आणि दोनच्या ठिकाणी चार कुंड्या घेऊन जायचं. बदलापूरच्या शिरगावात इमारती आता अशा दाटीने उभ्या आहेत की एका घरात कुकरची शिट्टी झाली तर समोरच्या घरात गॅस बारीक करतात. कठड्यावर कुंडी ठेवायची, बाकीचं काम वेल स्वतः करते. काड्या विंचरलेल्या केसांसारख्या सरळ खाली उतरतात, पानं बारीक, आणि बारा महिने हिरवी. तिची अट एकच. सकाळचं ऊन दोनेक तास, नंतर सावली. आमच्याकडच्या मे महिन्यात दुपारचं ऊन कुंडीला लागलं तर ती कोमेजते, आणि अंधारात कोंडली तर विरळ होते. हे सगळं मी तोंडाने हजार वेळा तरी सांगितलं असेल. लिहून एकदाच दिलं.

धंदा मी उल्हासनगरात शिकले. नवऱ्याचा अंबरनाथचा कारखाना बंद पडला, तो घरात बसून भिंतीकडे बघायला लागला, तेव्हा मी कॅम्प चारमध्ये हातगाडीवर तुळस, गुलाब, मोगरा घेऊन उभी राहिले. शिक्षण नववी. भाव करायला मला तिथल्या सिंधी बायकांनी शिकवलं. एक जण रोज यायची. मला अदी, म्हणजे ताई, म्हणायची. "अदी, सुबह से एक भी नहीं गया ना? चल, मेरे हाथ से बोहनी कर ले," असं म्हणून अर्धा भाव सांगायची आणि चालायला लागायची. तिला चौथ्या पावलाला हाक मारायची, हे मी तीन महिन्यांत शिकले. तिसऱ्या पावलाला हाक मारली तर आपण अडलोय हे तिला कळतं, आणि पाचव्याला ती पुढच्या गाडीवर पोचलेली असते. माझं डोकं तेव्हाही तापट होतं. एकीने मुळं बघायची म्हणून तुळस उपटली, तेव्हा मी तिच्या पिशवीतली भेंडी रस्त्यावर ओतली होती. दुसऱ्या दिवशी तीच येऊन दोन मोगरे घेऊन गेली. तिथे भांडण हे ओळखीचंच एक रूप होतं.

नवऱ्याला बोलता येत नाही, म्हणजे गिऱ्हाइकाशी. पण त्याच्या हाताला गुण आहे. कारखान्याच्या एका साहेबांच्या बंगल्यावर तो बाग साफ करायला गेला होता, तिथे छाटलेल्या पडदावेलीच्या काड्या गोणीत भरून घेऊन आला. मी म्हटलं, कचरा कशाला आणलात. त्याने त्या पिशव्यांत खोचल्या आणि बहुतेक सगळ्या लागल्या. त्यानंतरच्या वर्षी आम्ही शिरगावात एका शेतकरी घराची रस्त्याकडेची जागा भाड्याने घेतली. जागेवर दोन आंबे आणि एक फणस होता, त्यामुळे दिवसभर अर्धं ऊन, अर्धी सावली. आमच्या धंद्यात झाडांच्या दोनच जाती, उन्हातली आणि शेडची. आमची जागा शेडची होती. हिरवी नेट बांधली, पाटी रंगवली, हातगाडी विकली.

त्या पहिल्या गोणीतल्या सहा वेली आम्ही कधी विकल्या नाहीत. नवरा त्यांच्यावरूनच काड्या घ्यायचा. नर्सरीवाले अशा झाडाला मदर म्हणतात. "मदरला पाणी झालं का?" असं तो रोज सकाळी मोठ्याने विचारायचा. बाजूचा चहावाला कितीतरी दिवस समजत होता की त्याची आई आमच्याकडे राहते आणि आम्ही म्हातारीला धड पाणीही विचारत नाही.

जागा सोडायचा निरोप मालकांचा मुलगा घेऊन आला. लहानपणी आमच्याच नेटखाली खेळलेला. चप्पल काढून उभा राहिला आणि खाली बघून म्हणाला, "काकी, आमचं पन मन होत नाय. पन बिल्डर थांबत नाय ना. पावसाच्या आत मोकली करा जागा."

मी त्याच्याशी भांडले. भाडं वाढवून देते म्हटलं, मागचा तुकडा तरी ठेव म्हटलं, त्याच्या बापाला इतकी वर्षं फुकट दिलेल्या भाजीची आठवण करून दिली. तो ऐकत राहिला. त्याच्या हातातच काही नव्हतं, आणि ज्याच्या हातात काही नाही त्याच्याशी घासाघीस करता येत नाही.

मग जागा शोधायला लागले. जांभूळ गावाच्या बाजूला एक शेत मिळत होतं. भाडं परवडणारं, पण तिथे एक झाड नाही. समोर कारखान्यांना पाणी देणारं मोठं केंद्र आणि शेतात पाण्याचा थेंब नाही. नवरा शेताच्या मधोमध उभा राहिला, वर बघितलं, खाली बघितलं. "सावली नाही, पाणी नाही. चल," म्हणाला. बाकीच्या जागा एक तर बिल्डरांनी घेतलेल्या, नाहीतर अशा भाड्याच्या की वर्षभर राबून मिळेल ते मालकाच्याच हातावर ठेवायचं. आमच्याकडे दोन महिने होते. जागा मिळाली नाही तर नर्सरी संपली, हे आम्ही दोघंही जाणून होतो, बोलत नव्हतो.

अशात अंबरनाथहून फोन आला. पूर्वेला कारखान्यांतल्या निवृत्त अधिकाऱ्यांची एक जुनी सोसायटी आहे. शेजारी नवा टॉवर उठत होता आणि त्यातून सोसायटीचे सगळे पॅसेज दिसायला लागणार होते. सेक्रेटरींना पडदावेल पाहिजे होती, चारही मजल्यांना. मी बघायला गेले आणि सेक्रेटरी भेटायच्या आधी मला मागचा पट्टा दिसला. इमारत आणि कंपाऊंडची भिंत यांच्यामध्ये लांबट, मोकळा, वर दोन जुने आंबे, कोपऱ्यात विहीर, विहिरीवर मोटार. मी तिथेच ठरवलं.

सेक्रेटरी म्हणजे शर्ट खोचलेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेले गृहस्थ. म्हणाले, "बोला ताई, काय भाव?"

"भाव नका विचारू साहेब. वेली माझ्या, कुंड्या माझ्या, वर्षभराची देखभाल माझी. एक पैसा नको."

"मग पाहिजे काय?"

"मागचा पट्टा. रोपं ठेवायला. त्याचं भाडं वेगळं देईन."

त्यांनी चष्मा लावला. "एवढ्या स्वस्तात देताय म्हणजे काहीतरी लोचा आहे."

"लोचा असता तर मी भाव जास्त सांगितला असता."

ते हसले, पण नाही म्हणाले. सोसायटीची जागा बाहेरच्याला कशी द्यायची, मेंबर काय म्हणतील, वगैरे. मी उठले, पिशवी उचलली, नमस्कार केला आणि चालायला लागले. चौथ्या पावलाला मागून आवाज आला, "अहो ताई, बसा तरी."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तेव्हा ठरलं ते असं. पंधरा दिवसांनी मेंबरांची सभा होती. "तुम्ही वेली आधी लावा," सेक्रेटरी म्हणाले. "सभेला येणाऱ्या प्रत्येकाला जिन्यात दिसू देत. मग मी पट्ट्याचा विषय घेतो. एवढी शोभा बघून नाही कोण म्हणेल?" म्हणजे सगळं वेली कशा दिसतात त्यावर होतं. मला ते बरोबर वाटलं. माल दाखवूनच भाव मिळतो.

घरी येऊन मी सांगितलं, चांगल्या भरलेल्या साठ कुंड्या न्यायच्या, आणि मदरही न्यायच्या. त्यांच्या काड्या सर्वात लांब, लावल्या लावल्या पडदा तयार. नवऱ्याने मान हलवली.

"मदर राहू दे इथे."

"या लहान कुंड्यांनी काय दिसणार? टक्कल दिसेल. आणि सभा झाली की मदर तिथेच राहणार आहेत, आपल्या पट्ट्यात."

"पट्टा अजून आपला नाही."

"तुम्ही असंच बोलत राहिलात म्हणून आयुष्यभर दुसऱ्याच्या जागेत आहोत."

हे मी बोलायला नको होतं. त्याने टेम्पोत कुंड्या चढवल्या. मदर सहाही घेतल्या, त्यातल्या जमतील तेवढ्या, दोन, स्वतःच्या मांडीवर घेऊन बसला.

कुंड्या पोचल्या आणि कळलं की लोखंडी स्टँड तयार नाहीत. वेल्डर चार दिवसांनी येणार. आम्हाला त्याच संध्याकाळी माझ्या माहेरी निघायचं होतं, भाचीचं लग्न होतं आणि बहिणीला नवरा नाही, मांडवात मी पाहिजे होते. कुंड्या सगळ्या वॉचमनच्या केबिनपुढे उतरवलेल्या. मी वॉचमनला सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात सेक्रेटरी म्हणाले, "असं तोंडी नको. लेखी द्या. इथे शिफ्ट बदलते, एकाने सांगितलेलं दुसऱ्याला माहीत नसतं."

त्यांनी सोसायटीचं नाव छापलेला कागद पुढे केला. टेबलावर काच, वर पंखा. इतक्या वर्षांत मी बिलांशिवाय काही लिहिलं नव्हतं, आणि इथे एक अधिकारी माणूस मी लिहितेय ते बघत बसला होता. मी सावकाश, चांगल्या अक्षरात लिहिलं:

१. शेडमध्ये ठेवावे.
२. ऊन लागू देऊ नये.
३. दररोज एकदा पाणी द्यावे.
४. बकऱ्यांपासून जपावे.

नवरा माझ्या खांद्यावरून वाचत होता. हळूच म्हणाला, "सावली लिही की."

मी त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरकला. खरं सांगायचं तर साहेबांसमोर सावली मला गावठी वाटलं. शेड हा धंद्यातला शब्द होता. शेड लिहिलं की समोरच्याला कळतं, ही बाई नुसती गाडीवाली नाही. सेक्रेटरींनी कागद वाचला, "वा, अक्षर छान आहे तुमचं," म्हणाले, खाली सही केली आणि वॉचमनला दिला.

लग्नात मी सगळ्यांना सांगितलं की आम्हाला अंबरनाथला जागा मिळाली. विहीर आहे, आंबे आहेत, असं वर्णन करून सांगितलं. बहीण म्हणाली, एकदाचं तुझं बूड टेकलं. नवरा पंगतीत वाढत होता, त्याने ऐकलं आणि पातेलं घेऊन पुढे गेला.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही बसमधून उतरून सरळ सोसायटीत आलो. केबिनपुढे एकही कुंडी नव्हती. वॉचमन कोकणातला, वयस्क, एका गुडघ्याने अधू. आम्हाला बघून हसत उठला.

"ताई, झाडं एकदम व्यवस्थित. बकरी फिरकू दिली नाय."

"आहेत कुठे?"

त्याने किल्ली काढली.

पंपाच्या बाजूला सोसायटीची पत्र्याची खोली होती. मोडक्या खुर्च्या, जुन्या सायकली, गणपतीचं मखर ठेवायची. सोसायटीत लहान-मोठे सगळे तिला शेड म्हणायचे. वॉचमनने कुलूप काढलं आणि दार ओढलं. आतून पालेभाजी जास्त शिजल्यावर येतो तसा वास आला.

त्याने अधू पाय ओढत एकेक कुंडी उचलून आत नेली होती. ओळीत लावली होती. रोज पाणी घालत होता, आणि दार बंद करत होता. वर पत्रा, आत ओल, बाहेर मे महिना. चार दिवस वेली वाफेवर शिजत होत्या. पानं काळी पडून काड्यांना चिकटली होती. मदरच्या लांब काड्या त्याने मखरावर पसरून ठेवल्या होत्या, पायाखाली येऊ नयेत म्हणून.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पूर्ण सोसायटी गॅलरीत आली एवढं सांगते. त्या माणसाला मी आंधळा म्हटलं, अडाणी म्हटलं. तो सगळं ऐकून घेत होता. मग त्याने खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला कागद काढला आणि बोट ठेवून वाचायला लागला.

"'शेडमध्ये ठेवावे.' ही शेड. दुसरी शेड आपल्याकडे नाय. 'ऊन लागू देऊ नये.' आत उन्हाची तिरीप येत नाय, बघा. 'दररोज एकदा पाणी.' दिलंय. 'बकऱ्यांपासून जपावे.' म्हणून तर कुलूप." कागद माझ्यापुढे धरला. "अक्षर तुमचंच हाय ना, ताई?"

सेक्रेटरी खाली आले होते. मी त्यांच्याकडे वळले. "साहेब, शेड म्हणजे सावली! झाडाच्या धंद्यात शेड म्हणजे सावली!"

"मग सावली लिहायचं ना, ताई. सोपा शब्द आहे."

नवरा माझ्या मागेच उभा होता. मी वाट बघत होते, आता हा बोलणार. तो शेडमध्ये गेला, एका मदरपुढे उकिडवा बसला आणि नखाने काडीची साल खरवडून आत हिरवं आहे का ते बघायला लागला. एक काडी झाली की दुसरी. गॅलरीतली माणसं आत गेली तरी त्याचं चाललंच होतं.

चूक माझी आहे, हे मी मान्य करते. पण पूर्ण माझी नाही, आणि ती माझ्या एकटीच्या माथी मारली गेली याचा राग मला आजही आहे. सेक्रेटरी रोज सकाळी कंपाऊंडला फेऱ्या मारतात. वॉचमन कुंड्या शेडमध्ये नेत होता ते त्यांनी बघितलं होतं, हे त्यांनीच मला सांगितलं. "मला वाटलं, तुमचं काही टेक्निक असेल. ग्रीनहाऊससारखं." उभा जन्म कारखान्यात गेलेला माणूस. मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते याला कोणी शिकवायला पाहिजे? सावलीची शेड आणि पत्र्याची शेड, इंग्रजीत या दोन शब्दांची स्पेलिंगं वेगळी आहेत, हे मला नंतर भाचीच्या नवऱ्याकडून कळलं. मराठीत लिहिलं की दोन्ही एकच. मला नववीवालीला ते माहीत नव्हतं. त्यांना होतं. सही करताना एकदा विचारलं असतं, ताई, कोणती शेड? अक्षर छान आहे म्हणाले.

वॉचमनला महिनाअखेरीला काढलं असं ऐकलं. इतका तमाशा झाला, कोणाला तरी जबाबदार धरायचं होतं. त्याने मी लिहिलेलं अक्षरन् अक्षर पाळलं होतं. त्याच्यासाठी दोन शब्द बोलायला मी गेले नाही. राग त्याच्यावर नव्हता तरी गेले नाही.

सभेला मात्र गेले. वेली बुंध्यापर्यंत छाटल्या होत्या, जिन्यात दाखवायला काहीच नव्हतं. मी म्हणाले, पुन्हा रोपं तयार करते, सहा महिने द्या, पट्टा द्या, भाडं आजपासून घ्या. मागच्या रांगेतून एक बाई शेजारणीला म्हणाली, "ह्याच का त्या शेडवाल्या?" आणि दोन-तीन रांगा हसल्या. वाईट हसणं नव्हतं ते. मीही त्यांच्या जागी असते तर हसले असते. मग कोणीतरी उठून म्हणालं की मागच्या पट्ट्यात टू-व्हीलर लागतील, मुलांच्या गाड्या वाढल्यात. हात वर झाले. सेक्रेटरी रजिस्टरात बघत म्हणाले, "बहुमत आहे ताई, माझ्या हातात काही नाही." मी उठले, चालायला लागले. कोणी हाक मारली नाही.

सहा मदरपैकी एकीला बुंध्यापाशी कोंब आला होता. नवऱ्याने ती घरात, मोरीजवळच्या खिडकीत आणून ठेवली. चार-पाच दिवस तो कोंब होता. मग तोही काळा पडला. पडदावेलीच्या काड्या कोणाच्याही गच्चीवरून मिळाल्या असत्या, बदलापुरात आमच्याच तर विकलेल्या आहेत. पण मिळवून लावायच्या कुठे?

उरलेला माल मी कर्जत रस्त्यावरच्या एका मोठ्या नर्सरीवाल्याला एकगठ्ठा विकला. दोन तास घासाघीस केली. त्याने सांगितलेल्या भावाच्या वर बरंच चढवून घेतलं. तो शेवटी वैतागून म्हणाला, "ताई, तुमच्याशी बोलून घसा सुकला." नवरा तेवढ्या वेळात नेटचे दोर सोडत होता. नेट खाली आली, आणि पुढच्याच आठवड्यात बिल्डरच्या माणसांनी आंबे तोडले. ती जागा एवढीशीच होती हे मला तेव्हा दिसलं.

आता नवरा त्याच नर्सरीवाल्याकडे पगारावर काड्या लावतो. हात चांगला आहे म्हणून मालक खूश आहे. मी घरी असते. पाटीवरचा नंबर लोकांच्या फोनमध्ये अजून आहे, आठवड्यात दोन-तीन फोन येतात, मी बंद झालं म्हणून सांगते. तो संध्याकाळी सातला येतो, नखांतली माती ब्रशने काढतो, जेवतो. कामाचं काही बोलत नाही. पूर्वीही बोलायचा नाही, पण तेव्हा विचारायची गरज नव्हती. परवा मीच विषय काढला.

"तिकडे पडदावेल आहे का?"

"आहे."

"कशी आहे?"

त्याने ताटातला भात संपवला, पाणी प्यायला.

"त्यांची आहे," म्हणाला.